सर्टिफिकेटची शिळी भाकर



यंदा मी दोन महिने फुकट राबलो. उन्हातान्हात नाही. पुण्यात, एसीच्या गारव्यात, लॅपटॉपवर. या राबण्याला इंटर्नशिप म्हणतात. जाहिरातीच्या एका एजन्सीत होतो. एजन्सीचं नाव लिहीत नाही. एकीला नावानिशी शिव्या घातल्या की आपली आग थंड होते आणि बाकीच्या सगळ्या सुटतात. तुमच्यापैकी कितीतरी जण पदवीच्या शेवटच्या वर्षाला अशाच एखाद्या खुर्चीत जाऊन बसणार आहात. म्हणून आधी माझा हिशोब ऐका. मग माझ्याशी भांडा.

माझं गाव पुसेगाव. पहिल्या दिवशी हे सांगितलं तर टीमच्या मुख्य मॅडम खूश. "अय्या, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव!" म्हटलं, मॅडम, ते साताऱ्याचं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. "हिंगोली म्हणजे विदर्भ ना?" म्हटलं, मराठवाडा. आधी परभणीत होतो, १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि माझं बारसं झालं. त्या दिवसापासून मी 'रूरल मराठवाडा'. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "यावर रूरल मराठवाडा काय म्हणतो?" की सगळ्यांच्या माना माझ्याकडं. आठ जिल्ह्यांच्या वतीनं मी एकट्यानं बोलायचं. तेही बिनपैशांचं.

दुसरा प्रश्न आडनावाचा. आडनाव ऐकल्यावर समोरचा "अच्छा" म्हणतो ना, ते "अच्छा" तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर शाई खर्च करत नाही.

ही एजन्सी स्वतःला 'मल्टिकल्चरल मार्केटिंग'वाली म्हणवून घेते. मतलब असा की साबण एकच, पण तो तमिळ माणसाला तमिळ वाटला पाहिजे, बंगाल्याला बंगाली वाटला पाहिजे, आपल्याला मराठी वाटला पाहिजे. भाषा बदला, सण बदला, साडीचे काठ बदला, ताटातला पदार्थ बदला. झाली बहुसंस्कृती. भिंतीवर वर्षाचं भलंमोठं कॅलेंडर लावलेलं. पोंगल, गुढीपाडवा, ईद, ओणम, दुर्गापूजा, छठ, नाताळ, प्रत्येकाला वेगळा रंग. १४ एप्रिलच्या चौकोनात पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह. ६ डिसेंबरचा चौकोन कोरा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा चौकोन कोरा. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला लाखो माणसं लोटतात. ती माणसं गाडीनं येतात, चहा पितात, वडापाव खातात, पोरांना पाटी-पुस्तक घेतात, पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. मार्केटच्या भिंतीवर ती माणसं नाहीत.

मी एकदा विचारलं. म्हटलं, आपण भाषा बघतो, प्रांत बघतो, धर्म बघतो, वय बघतो, उत्पन्न बघतो. जात का बघत नाही? खोलीत सगळे गप्प. मग एक जण समजावणीच्या सुरात म्हणाला, "अरे, आता कुठं राहिलीय जात? सिटीत तर नाहीच." टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो. मी मनातल्या मनात आडनावं वाचून काढली. नवातली आठ आडनावं तीन जातींत संपली. नववं माझं.

२०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वृत्तमाध्यमांतल्या वरच्या जागांची मोजदाद केली होती. १२१ जागा तपासल्या. १०६ जागांवर उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस नाही. हे बातमीच्या घरातलं. जाहिरातीच्या घरात काय असेल, ते त्या नऊ खुर्च्यांवरून ओळखा. आणि एक फरक लक्षात ठेवा. बातमीत निदान आमची घरं जळाल्यावर तरी आम्ही येतो. जाहिरातीत आम्ही मेल्यावरही येत नाही.

आता कामाकडं येतो.

माझ्या टीमकडं मसाल्याच्या एका मालकाचं काम होतं. त्याला हिंगोलीची हळद विकायची होती. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना एकदम आमच्या मातीचा वास यायला लागला. मॅडम म्हणाल्या, "तू तिकडचाच. आम्हाला ऑथेंटिक शब्द दे. फील दे."

मी दिलं. वेड्यासारखं दिलं. बेणं कसं लावतात, हळद खणल्यावर बाया गड्डे कसे मोडतात, हळकुंड वेगळं आणि गड्डा वेगळा कसा काढतात, हळद कशी शिजवतात, उन्हात किती दिवस वाळवतात, ढोलात घालून कशी फिरवतात. मह्या मायचे तळहात हळदीच्या दिवसांत पिवळे होतात आणि मग सालपटं निघतात, हेही सांगितलं. घरात लग्न नसताना अंगाला हळद लागलेली बाई म्हणजे मजूर, हे वाक्य मी लिहून दिलं. ते वाक्य सगळ्यांना आवडलं. एक जण "वाव" म्हणाला.

जाहिरात तयार झाली ती अशी. चौसोपी वाडा. अंगणात तुळस. सासू नव्या सुनेच्या गालाला हळद लावते. मागं बैलजोडी. खाली मातीचं सोनं वगैरे. माझ्या पन्नास शब्दांतले 'हळकुंड' आणि 'माय' असे दोन शब्द राहिले. ज्या 'माय'ला मी माय म्हणतो ती त्या वाड्यात कधी ओसरीवरसुद्धा चढली नसती.

म्हटलं, मॅडम, हळद खणणाऱ्या बाया कुठं गेल्या? त्या प्रेमानं म्हणाल्या, "अरे, फार सॅड होतं ते. अ‍ॅस्पिरेशनल हवं." खोटं कशाला बोलू, बाई वाईट नव्हती. मला दोनदा जेवायला घेऊन गेली. माझं शुद्धलेखन सुधारलं, तेही टोमणा न मारता. ऑफिसात कुणी मला शिवी दिली नाही, कप वेगळा ठेवला नाही. म्हणून तर लिहितोय. वेगळा कप ठेवणाऱ्याशी कसं वागायचं, हे आपल्याला आपल्या बापानं शिकवलंय. "वाव" म्हणून तुमच्या आईला जाहिरातीतून बाहेर काढणाऱ्याशी कसं वागायचं, हे अजून कुणी शिकवलेलं नाही.

मग पर्सोना. पर्सोना म्हणजे गिऱ्हाइकाचं काल्पनिक चित्र. खेड्यातला गिऱ्हाईक म्हणून जो पास झाला त्याला पाच एकर बागायत, मोटारसायकल, पोरगा इंजिनिअरिंगला. मी एक वेगळा लिहून दिला होता. सुमनबाई, वय ४५, भूमिहीन, रोज अडीचशे रुपये. शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी घेते, चहापत्तीची पुडी घेते, पोराच्या मोबाईलचा रिचार्ज मारते. उत्तर आलं, "हिची पर्चेसिंग पॉवर नाही." अहो, मग गावच्या किराणा दुकानात त्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात त्या कुणासाठी? पाच एकरवाला बाटली घेतो. माळ रिकामी करतात त्या आमच्या बाया. तिचा रुपया कंपनीच्या गल्ल्यात चालतो. तिचं तोंड कंपनीच्या पोस्टरवर चालत नाही.

मित्रांनो, हे आजचं आहे असं समजू नका. जाहिरात आणि आपण यांचा इतिहास नकारानं सुरू होतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. पाक्षिक निघतंय, अशी साधी जाहिरात 'केसरी'त द्यायची होती. फुकट नाही, पैसे मोजून. 'केसरी'नं ती जाहिरात छापायला नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. स्वराज्य हा ज्यांचा जन्मसिद्ध हक्क होता त्यांच्या पेपरात आमच्या चार ओळींना विकतसुद्धा जागा मिळाली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, पेपर निघाला.

त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शिपाई लांबून फायली फेकायचे. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात. आपल्या माणसाची ऑफिसातली पहिली खुर्ची ही अशी होती. आज कुणी फाईल फेकत नाही. "तुझा इनपुट फार व्हॅल्युएबल आहे" म्हणतात. तेवढ्यानं हुरळून गेलात तर मेलात.

आता हा 'मल्टिकल्चरल' शब्द आला कुठून ते बघू. आपल्याकडं तो टाय लावून आलाय, म्हणून तो साहेबाच्या पोटी जन्मला असं वाटतं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या काळ्यांच्या वस्तीत आहे. १९३०च्या दशकात शिकागो आणि हार्लेममधल्या काळ्या माणसांनी दुकानांपुढं धरणं धरलं. आमच्या वस्तीत दुकान थाटता, आमचा पैसा घेता आणि आम्हाला काउंटरमागं उभं करत नाही. मग जिथं आम्हाला काम नाही तिथं आमची खरेदी नाही. १९५५ मध्ये माँटगोमेरीत बसवर बहिष्कार पडला, तो ३८१ दिवस चालला. गोऱ्या भांडवलाला पहिल्यांदा कळलं की काळ्यालाही खिसा असतो. १९७१ मध्ये टॉम बरेलनं शिकागोत काळ्यांची जाहिरात एजन्सी काढली. त्याचं सांगणं सरळ होतं. काळा माणूस म्हणजे कातडी काळी केलेला गोरा माणूस नव्हे, त्याचं जगणं वेगळं आहे, त्याच्याशी त्याच्या जगण्यातून बोला. पाच वर्षं आधी, १९६६ मध्ये, ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली होती. एका वर्षानंतर, १९७२ मध्ये, ते नाव मुंबईच्या आपल्या पोरांनी उचललं.

म्हणजे या शब्दाच्या पोटात बहिष्कार आहे. धरणं आहे. आपल्याकडच्या एजन्सीवाल्यांनी शब्द आयात केला आणि पोट साफ करून घेतलं. उरलं काय? ओणमची रांगोळी आणि पाडव्याची गुढी.

पण अमेरिकेची आरतीही ओवाळू नका. बरेलच्या एजन्सीनं मॅकडोनाल्ड आणि कोका-कोलाच्या जाहिराती केल्या. काळ्यांना काम मिळालं हे खरं. काळ्यांचा राग बाटलीत भरून काळ्यांनाच विकला गेला हेही खरं. बाजाराचं हे असंच असतं. तो आधी तुम्हाला दारात उभं करत नाही. तुम्ही दार ठोठावून ठोठावून मोडायला आलात की तो तुमच्या ठोठावण्याचंच गाणं करून विकतो.

तरीसुद्धा त्या ठोठावण्याची ताकद बघा. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला. अमेरिका पेटली. त्या आगीची धग पुसेगावच्या किराणा दुकानापर्यंत आली. १९७५ पासून विकली जाणारी 'फेअर अँड लव्हली' त्याच वर्षी 'ग्लो अँड लव्हली' झाली. पंचेचाळीस वर्षं आमच्या पोरींना गोरं व्हायला सांगणाऱ्या ट्यूबवरचा शब्द महिन्या-दोन महिन्यांत बदलला. ट्यूबमधलं तेच, भाव तोच, गोरेपणाचं वेडही जागच्या जागी. पण शब्द बदलावा लागला. आता मला सांगा, इथं दरवर्षी आपल्या माणसांचे मुडदे पडतात. त्यापायी कुठल्या पाकिटावरचं एक अक्षर बदललंय?

बदलत तर नाहीच, उलट काय होतं? ५ जून २०२३. पर्यावरण दिन. झोमॅटोनं जाहिरात काढली. २००१ च्या 'लगान'मध्ये 'कचरा' नावाचं अस्पृश्याचं पात्र होतं. ते करणाऱ्याच नटाला घेऊन त्याचा दिवा केला, कागद केला, टेबल केलं, टॉवेल केला, कुंडी केली. कशासाठी? तर कचऱ्यापासून नव्या वस्तू होतात हे सांगायला! माणसाचं नाव कचरा आणि माणसाचीच वस्तू. बोंबाबोंब झाली, अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली, कंपनीनं जाहिरात मागं घेतली. भावना दुखावण्याचा हेतू नव्हता म्हणे. माझाही विश्वास आहे, हेतू नसेल. म्हणून तर जास्त भयंकर आहे. अशी जाहिरात एका माणसाच्या डोक्यातून निघून परस्पर बाहेर पडत नाही. कुणीतरी सुचवते, कुणीतरी लिहिते, कुणीतरी पास करते, कुणीतरी शूटिंग करते, कुणीतरी पैसे देते. एवढ्या खुर्च्यांतून ती फिरली आणि एकालाही खटकली नाही.

ही गोष्ट मी वसतिगृहातल्या पोरांना सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "आपला एखादा तिथं असता तर बोलला असता." मी गप्प बसलो. कारण मी अशा खोलीत होतो आणि मी बोललो नाही. ते आता सांगतो. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला होता, उगाच इतका वेळ लांबण लावली.

एप्रिल लागला. कॅलेंडरवरच्या प्रश्नचिन्हावर निर्णय झाला. एका मोठ्या गिऱ्हाइकाला १४ एप्रिलची पोस्ट पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "हे तूच कर. यू विल डू जस्टिस." मला अभिमान वाटला, खोटं सांगत नाही. रात्रभर बसून सहा ओळी लिहिल्या. जात मोडायला निघालेल्या माणसानं आम्हाला पुस्तक हातात दिलं, असा त्यांचा गाभा होता. सकाळी उत्तर आलं. सुंदर आहे, फक्त 'जात' शब्द नको. क्लायंट ब्रॉड ऑडियन्सला बोलतो. 'भेदभाव' चालेल का? मी 'भेदभाव' केलं. तासाभरानं पुन्हा उत्तर, "भेदभावही जरा निगेटिव्ह वाटतोय. ज्ञान, शिक्षण, प्रेरणा यावर राहू या." मी ज्ञान, शिक्षण, प्रेरणा यावर राहिलो.

वाचलं ना? बाबासाहेबांच्या जयंतीच्या मजकुरातून 'जात' हा शब्द मी काढला. मनूनं नाही. कुठल्या शंकराचार्यानं नाही. मी, पुसेगावच्या बौद्धवाड्यातल्या पोरानं, माझ्या बोटांनी. का काढला? सर्टिफिकेट अडेल म्हणून. कॉलेजात इंटर्नशिपचे क्रेडिट आहेत, सर्टिफिकेट नाही तर सेमिस्टर लटकतं. पगार असता तर निदान पोटासाठी लाचार झालो असं म्हणता आलं असतं. मी कागदासाठी लाचार झालो.

याच मराठवाड्यात विद्यापीठाच्या कमानीवर एक नाव लागावं म्हणून काय झालं ते आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. सोळा वर्षं. एका नावासाठी माणसं जळाली आणि मी एक शब्द एका ई-मेलवर सोडून दिला.

१३ तारखेच्या रात्री ट्रॅव्हल्स धरली, सकाळी हिंगोली, तिथून पुसेगाव. वाड्यात निळे झेंडे, पताका, पोरांची धावपळ. चुलतभाऊ मोबाईल घेऊन पळत आला. "दादा, हे बघ! येवढ्या मोठ्या कंपनीनं जयभीम घातला!" माझ्याच ओळी. गुळगुळीत, धुतलेल्या, वास नसलेल्या. खाली कंपनीचा शिक्का. माझं नाव कुठंच नाही. आणि खरं सांगू? नाव नाही म्हणून हायसं वाटलं.

रात्री मायला सांगितलं काय काम करतो ते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग किती देले त्यायनं?"

"काहीच नाय."

"काहीच नाय? दोन मैने?"

"सर्टिफिकेट देनार हायेत."

माय घडीभर बघत राहिली. मग म्हणाली, "मंग ही तं येठच झाली की रे. तुह्या पणज्यानं केली तशी."

एवढे समाजशास्त्राचे पेपर दिले, पण या धंद्याचं खरं नाव मला मायनं सांगितलं. येठ. वेठ. निजामाच्या मुलखात अंमलदार गावात आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळायचं. मोबदला मागायचा नाही. वर त्याला मान समजायचं. आम्हाला बावन्न हक्क होते म्हणे. त्या हक्कांत मेलेल्या ढोराचं कातडं होतं, मढ्यावरचं कापड होतं, दारोदार मागून आणलेली शिळी भाकर होती. राबणं खरं आणि मोबदला म्हणून मान! आज त्या भाकरीला सर्टिफिकेट म्हणतात, एक्स्पोजर म्हणतात.

आता हिशोब. कॉटबेसिसची खोली महिना २५००. मेस ३०००. बस आणि मोबाईल १०००. महिन्याचे ६५००, दोन महिन्यांचे १३०००. हे पैसे मायनं पाठवले. तिला रोज अडीचशे. म्हणजे बावन्न दिवसांची मजुरी. बावन्न! हळद खणून, गड्डे मोडून, हाताची सालं काढून कमावलेले बावन्न दिवस मायनं त्या एजन्सीला दिले. तिच्याच हळदीच्या जाहिरातीसाठी. ज्या जाहिरातीत ती नाही.

माझ्याबरोबर आणखी दोन इंटर्न होते. दोघं चांगली पोरं. एकाचं घर कोथरूडला, दुसरीची मावशी औंधला. त्यांना फुकट काम परवडतं. बापाच्या घरी राहायचं, आईच्या हातचं खायचं, दोन महिन्यांनी बायोडाटात एक ओळ वाढवायची. ज्याची मावशी औंधला नाही त्याच्यासाठी हे दार बंदच आहे. 'गुणवत्ता' म्हणून पुढं जे दाखवतात त्यात मावशीच्या घराचं भाडं धरलेलं असतं, ते कुणी सांगत नाही. फुकट इंटर्नशिप म्हणजे पाटी न लावलेलं आरक्षण. ज्यांना शहरात घर आहे त्यांच्यासाठीचं.

शिकाऊ माणसाला पैसे द्यावेत ही काही नक्षलवादी मागणी नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात विद्यावेतन आहे आणि नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागाही आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत बारावीवाल्याला महिना ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०००० ठरवले. केंद्राच्या त्याच वर्षीच्या योजनेत ५०००. सरकारसुद्धा कबूल करतं की शिकणाऱ्यालाही पोट असतं. पण ज्याचं पूर्णवेळ शिक्षण चालू होतं तो तेव्हा या योजनांत बसत नव्हता. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं इंटर्नशिप अभ्यासक्रमात आणली. क्रेडिट दिले. खोलीभाडं कोण देणार, यावर मौन.

माझ्याशी भांडणारे दोन प्रकारचे मित्र आहेत. एक म्हणतो, जाहिरात हाच भांडवलशाहीचा नाच, तिथं जाऊन कशाला घाण व्हायचं? आपण बाहेर राहून लढू. दुसरा म्हणतो, मिळेल ते दार पकड, तोंड बंद ठेव, वर चढ, मग बघू.

पहिल्याला माझं उत्तर. बाबा रे, जाहिरात आपणही केली. 'मूकनायक' काय होता? आंबेडकरी जलसे काय होते? वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले ते काय होतं? भिंतीवर निळीनं लिहिलेलं 'जयभीम' काय आहे? माणसाला माणूस म्हणून जागं करायची ती जाहिरात होती. लोकांच्या मनात शब्द पेरायचं हत्यार आपल्या हाताला नवं नाही. ते हत्यार आठ आडनावांच्या ताब्यात सोडून तू बाहेर बसलास तर तुझ्या आईचं चित्र तेच काढणार. किंवा काढणारच नाहीत.

दुसऱ्याला उत्तर. मी तोंड बंद ठेवून बघितलं. दोन महिन्यांत माझ्या हातून 'जात' शब्द गेला. वीस वर्षं तोंड बंद ठेवून वर चढशील तेव्हा बोलायला तोंडच उरणार नाही. आणि वरच्या खुर्चीतून 'कचरा' पास करशील.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आत जायचं, पण वेठीनं जायचं नाही आणि एकट्यानं जायचं नाही. पहिल्याच दिवशी विद्यावेतन किती, हे लेखी मागायचं. देत नसतील तर कॉलेजातल्या संघटनेनं प्राचार्यांच्या टेबलावर बसायचं: फुकट राबवून घेणाऱ्याकडं पोरं पाठवू नका, पाठवलीत तर त्याचे क्रेडिट सक्तीचे ठेवू नका. आपली बोली, आपल्या घरातली गोष्ट, आपल्या आईचे हात ही 'इनपुट' म्हणून फुकट वाटायची नाहीत. शब्द वापरला तर पैसे आणि लिहिणाऱ्याचं नाव. 'रूरल मराठवाडा' म्हणून, 'दलित पर्स्पेक्टिव्ह' म्हणून नमुना बनून बसायचं नाही. मी हळदीबद्दल बोलतो तसाच साबणाबद्दल, मोटारीबद्दल, बँकेबद्दल बोलेन. ऐकायचं तर सगळं ऐका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'नाही' म्हणायला पाठीशी पैसा लागतो. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण माझ्या पाठीशी मायचे बावन्न दिवस होते, ते वाया घालवायची हिंमत नव्हती. आपल्यातले जे नोकरीला लागलेत, ज्यांच्या तोंडात जयंतीच्या भाषणात 'पे बॅक टू सोसायटी' असतं, त्यांनी महिन्याला पाचशे काढावेत. पंधरा जण झाले तरी एका पोराची खोली आणि मेस निघते. ते पोरगं एजन्सीत बसेल आणि त्याला 'जात' शब्द काढ म्हणाले तर ते लॅपटॉप मिटून उठू शकेल. अशी दहा पोरं उठली की पुढच्या कचऱ्याला कुणीतरी खोलीतच अडवेल. सुरुवात आमच्या वसतिगृहातून करतोय. माझं पहिलं नाव. नोकरी नाही, म्हणून शिकवणीच्या पैशांतून दोनशे.

सर्टिफिकेट आलं. गुळगुळीत कागद, सोनेरी कड. उत्साही, मेहनती, मनमिळाऊ असं माझं वर्णन आहे. मायनं उलटसुलट करून बघितलं. म्हणाली, "हे दाखिवल्यावर किती भेटते?" मी म्हटलं, काही नाही. तिनं ते ट्रंकेत, रेशनकार्डाखाली ठेवून दिलं.

आणि त्या सहा ओळी, पहिल्या लिहिलेल्या, 'जात' शब्दासकट, यंदाच्या जयंतीला पुसेगावात वाड्याच्या भिंतीवर मी निळ्या रंगानं लिहिल्या. मिरवणूक निघायच्या आधी. चुलतभावानं डबा धरला. तिथं कुठला क्लायंट आला नाही.

जयभीम!